लिथियम बॅटरी पॅक एकत्र जोडताना डिस्चार्ज रेटिंगचा हिशेब कसा करावा

दोन लिथियम पॅक एकत्र जोडायचे ठरले की पहिला प्रश्न हाच पडतो, की जोडलेल्या संचातून आता किती अँपिअर घेता येतील? बहुतेक जण दोन्ही पॅकच्या वेष्टनांवर छापलेल्या आकड्यांची बेरीज करतात आणि कामाला लागतात. ही बेरीज काही वेळा बरोबर येते, काही वेळा थोडी चुकते आणि काही वेळा इतकी चुकते की पॅक फुगतो, तारेचे आवरण वितळते किंवा थेट आगच लागते. बाहेरून आपल्याला एकच संच दिसत असला तरी आत प्रवाह प्रत्येक पॅकमधून स्वतंत्रपणे वाहत असतो. कोणत्या पॅकने किती वाटा उचलायचा हे जोडणीचा प्रकार, पॅकचा अंतर्गत रोध (पॅक स्वतःच आतून प्रवाहाला करतो तो विरोध) आणि त्या क्षणी त्यात शिल्लक असलेला चार्ज यांवरून ठरते. वेष्टनावरच्या आकड्याचा त्यात काही अधिकार नसतो. म्हणून प्रत्येक पॅकच्या वाट्याला किती प्रवाह येतो ते काढायचे आणि तो त्या पॅकच्या मर्यादेत बसतो की नाही ते पाहायचे, एवढ्या एकाच सूत्राभोवती पुढील सर्व पायऱ्या गुंफलेल्या आहेत.

हे काम करण्यासाठी एक चांगला मल्टिमीटर, डीसी प्रवाह मोजू शकणारा क्लॅम्प मीटर आणि प्रत्येक सेलचे व्होल्टेज दाखवणारे छोटे उपकरण जवळ असावे. क्लॅम्प मीटर घेताना तो डीसी मोजतो याची खात्री करून घ्यावी, कारण फक्त एसी मोजणारे क्लॅम्प मीटर बॅटरीच्या तारेवर शून्यच दाखवतात आणि तो शून्य खरा मानला तर पुढचा सगळा अंदाज चुकतो.

पहिली पायरी: छापलेल्या आकड्याचा अर्थ लावणे

पॅकवर सहसा दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक म्हणजे क्षमता, जी मिलिअँपिअर-तास किंवा अँपिअर-तासात असते, आणि दुसरी म्हणजे ‘सी’ रेटिंग. १ सी म्हणजे पॅकची पूर्ण क्षमता बरोबर एका तासात रिकामी करणारा प्रवाह. ५००० मिलिअँपिअर-तासाच्या, म्हणजेच ५ अँपिअर-तासाच्या पॅकसाठी १ सी म्हणजे ५ अँपिअर आणि २० सी म्हणजे १०० अँपिअर. या आकड्याची दुसऱ्या बाजूनेही पडताळणी करता येते. साठ मिनिटांना सीच्या आकड्याने भागले की पॅक किती मिनिटांत रिकामा होईल ते कळते. २० सी म्हणजे तीन मिनिटे, ४० सी म्हणजे दीड मिनिट. एखाद्या स्वस्त, हलक्या पॅकवर १०० सी लिहिलेले असेल, तर तो पॅक ३६ सेकंदांत पूर्ण रिकामा होऊनही सुरक्षित राहील असा दावा त्यात आहे. हे मिनिटांचे गणित मांडले की कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि कोणत्यावर नाही याचा अंदाज येऊ लागतो.

मॉडेल विमाने आणि ड्रोन यांसाठी विकल्या जाणाऱ्या लिथियम पॉलिमर पॅकच्या सी रेटिंगसाठी सर्वांना बंधनकारक अशी एकच चाचणीपद्धत नाही, त्यामुळे हे आकडे अनेकदा फुगवलेले असतात. शिवाय वेष्टनावर ‘२५/५० सी’ असे दोन आकडे असतील, तर त्यांतला मोठा आकडा काही सेकंदांपुरता असतो. जोडणीचा हिशेब नेहमी सतत चालणाऱ्या प्रवाहाच्या, म्हणजे लहान आकड्यावरच करावा. एकच आकडा असेल आणि तो सततचा की क्षणिक हे लिहिलेले नसेल, तर तो क्षणिक धरून चालावे.

दंडगोल सेलच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे, कारण नामांकित उत्पादक प्रत्येक सेलसाठी अँपिअरमध्ये मर्यादा देतात. १८६५० आकाराच्या, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या दोन सेलची तुलना पाहा. सॅमसंगच्या २५आर या सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास आहे आणि तो सतत २० अँपिअर देऊ शकतो. त्याच कंपनीच्या ३५ई या सेलची क्षमता सुमारे ३५०० मिलिअँपिअर-तास असली तरी सततची मर्यादा ८ अँपिअरच आहे. पहिला ८ सी, तर दुसरा जेमतेम २.३ सी. असे चार सेल समांतर जोडले तर एकीकडे ८० अँपिअर आणि दुसरीकडे ३२ अँपिअर मिळतात. जास्त क्षमतेचा सेल घेतला म्हणजे जास्त प्रवाहही मिळेल, हा समज इथे उलटा ठरतो, आणि पॅक बांधणाऱ्या नवशिक्यांच्या हातून सर्वात जास्त होणारी चूक बहुधा हीच असावी.

दुसरी पायरी: लोड खरोखर किती प्रवाह मागतो

संच किती देऊ शकतो हे काढण्याआधी लोड, म्हणजे संचावर चालणारे साधन, किती मागणार ते लिहून काढावे. मोटर, इन्व्हर्टर किंवा कंट्रोलर यांच्यावर अनेकदा वॅट लिहिलेले असतात आणि वॅटला पॅकच्या नाममात्र व्होल्टेजने भागून लोक मोकळे होतात. १००० वॅटच्या इन्व्हर्टरसाठी १२.८ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट पॅकवर हा भागाकार ७८ अँपिअर देतो. परंतु इन्व्हर्टरला बाहेर १००० वॅट द्यायचे असतील, तर आत होणारा अपव्यय भरून काढण्यासाठी तो बॅटरीकडून जास्त मागतो. कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ही मागणी १११० वॅटच्या आसपास जाते. त्यातच बॅटरी संपत आली आणि लोडखाली तिचे व्होल्टेज ११.५ पर्यंत खाली आले, तर प्रवाह जवळपास ९७ अँपिअर होतो. अशी साधने ठरलेली शक्ती मागतात, म्हणून व्होल्टेज उतरले की प्रवाह चढतो, आणि पॅक सर्वात दुबळा असतो नेमक्या त्याच वेळी त्याच्यावर सर्वात जास्त भार येतो. हिशेबात ७८ नव्हे, ९७ हा आकडा घ्यावा. मोटर सुरू होतानाचा झटकाही वेगळा नोंदवावा.

तिसरी पायरी: एकसर जोडणीचा हिशेब

एकसर म्हणजे सीरिज जोडणीत एका पॅकचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला जोडले जाते. व्होल्टेजची बेरीज होते, क्षमता मात्र वाढत नाही आणि सर्व पॅकमधून एकच प्रवाह वाहतो. इथे वाटा ठरवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे नियमही सरळ आहे. प्रत्येक पॅकची मर्यादा अँपिअरमध्ये काढावी आणि त्यांतील सर्वात लहान आकडा हीच पूर्ण संचाची मर्यादा मानावी.

तुलना सीमध्ये न करता अँपिअरमध्येच करायची, हे मुद्दाम सांगावे लागते. समजा तीन सेलचा ५००० मिलिअँपिअर-तासाचा २० सी पॅक आणि तीन सेलचाच २२०० मिलिअँपिअर-तासाचा ४० सी पॅक एकसर जोडले. पहिल्याची मर्यादा १०० अँपिअर आणि दुसऱ्याची ८८ अँपिअर. सी रेटिंग दुप्पट असूनही मर्यादा ठरवतो तो दुसराच. याहून गंभीर गोष्ट क्षमतेची आहे. दोन्हींतून सारखाच प्रवाह जात असल्यामुळे २२०० चा पॅक रिकामा होईल तेव्हा मोठ्या पॅकमध्ये २८०० मिलिअँपिअर-तास शिल्लक असतील आणि एकूण व्होल्टेज पाहणाऱ्या कंट्रोलरला लहान पॅकची दशा लगेच कळणार नाही. तो आपला प्रवाह खेचत राहील, लहान पॅकचे सेल सुरक्षित किमान पातळीच्या खाली जातील आणि शेवटी त्यांचे व्होल्टेज उलटेही होऊ शकेल. असा सेल कायमचा निकामी होतो आणि पुन्हा चार्ज केल्यास धोकादायक ठरतो. म्हणून एकसर जोडणीत क्षमता, बनावट आणि वय या तिन्ही बाबतींत एकसारखे पॅकच वापरावेत आणि व्होल्टेजचा अलार्म एकूण संचावर न लावता प्रत्येक सेलवर लावावा.

चौथी पायरी: समांतर जोडणी आणि वाट्याचे गणित

समांतर म्हणजे पॅरलल जोडणीत सर्व पॅकची धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र येतात. व्होल्टेज तेच राहते, क्षमतेची बेरीज होते आणि प्रवाह विभागला जातो. हा प्रवाह कसा विभागला जातो तेच या विषयाचे मर्म आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ देऊ.

जोडल्यानंतर पहिल्या क्षणी, सर्व पॅकचे उघडे व्होल्टेज (लोड नसतानाचे व्होल्टेज) सारखे असेल, तर प्रवाह रोधाच्या व्यस्त प्रमाणात वाटला जातो. ज्याचा अंतर्गत रोध कमी तो जास्त प्रवाह देतो. दोन पॅक एकाच बनावटीचे आणि एकाच सी रेटिंगचे असतील, फक्त क्षमता वेगळी असेल, तर मोठ्या पॅकचा रोध साधारण त्याच प्रमाणात कमी असतो आणि वाटणी आपोआप न्याय्य होते. २५ सीचे ५००० आणि २२०० मिलिअँपिअर-तासाचे दोन पॅक समांतर जोडले, तर १२५ आणि ५५ मिळून १८० अँपिअर ही बेरीज ग्राह्य धरता येते. बेरीज बरोबर येते ती याच एका परिस्थितीत.

आता सी रेटिंग वेगळे असलेले दोन पॅक घेऊ. दोन्ही चार सेलचे, दोन्ही ५००० मिलिअँपिअर-तासाचे. एक २० सीचा, म्हणजे १०० अँपिअरचा, आणि दुसरा ४० सीचा, म्हणजे २०० अँपिअरचा. पहिल्याचा रोध २४ मिलिओहम आणि दुसऱ्याचा १२ मिलिओहम आहे असे धरू. लोडने ३०० अँपिअर मागितले तर सुरुवातीला पहिला १०० आणि दुसरा २०० देईल. दोघेही आपापल्या मर्यादेवर बरोबर उभे आहेत आणि बेरीज खरी ठरल्यासारखी वाटते. पण दुसरा पॅक दुप्पट वेगाने रिकामा होतो आहे. थोड्याच वेळात त्याचे उघडे व्होल्टेज पहिल्यापेक्षा खाली उतरते. हा फरक ०.४ व्होल्ट झाला, की त्याला दोन्ही रोधांच्या बेरजेने, म्हणजे ३६ मिलिओहमने भागल्यावर मिळणारे ११ अँपिअर दुसऱ्याकडून पहिल्याकडे सरकतात. पहिला पॅक आता १११ अँपिअर देतो आहे, म्हणजे मर्यादेच्या बाहेर गेला आहे, आणि फरक वाढेल तसा तो आणखी बाहेर जाईल. डिस्चार्ज जसजसा पुढे सरकतो तसतशी वाटणी रोधाकडून क्षमतेकडे झुकत जाते, कारण दोन्ही पॅक एकाच व्होल्टेजला बांधलेले असल्याने त्यांना जवळपास बरोबरीनेच रिकामे व्हावे लागते.

यावरून सुरक्षित नियम असा निघतो, की समांतर जोडणीत सर्वात कमी सी रेटिंग घ्यावे आणि त्याला एकूण क्षमतेने गुणावे. वरील उदाहरणात २० गुणिले १०, म्हणजे २०० अँपिअर. क्षमतेच्या प्रमाणात वाटणी झाली तर प्रत्येकाकडे १०० येतात आणि पहिला पॅक मर्यादेवर थांबतो; सुरुवातीची वाटणी रोधानुसार झाली तरी पहिल्याकडे ६७ आणि दुसऱ्याकडे १३३ येतात, जे दोघांनाही चालते. चांगल्या पॅकची शंभर अँपिअरची ताकद वाया जाते हे खरे, पण ती हिशेबात धरण्यासारखी नव्हतीच.

हा नियमसुद्धा एका ठिकाणी अपुरा पडतो, ते म्हणजे जुना आणि नवा पॅक एकत्र आणताना. दोन्हींवर ५००० मिलिअँपिअर-तास आणि २० सी असेच छापलेले आहे, पण वापरून जुन्या झालेल्या पॅकचा रोध ३६ मिलिओहम झाला आहे आणि नव्याचा २४ आहे. आता वाटणी ६० आणि ४० टक्के अशी होते. नियमाप्रमाणे २०० अँपिअर घेतले तर नवा पॅक १२० अँपिअर देतो आणि जुना ८०. जुना पॅक धोक्यात येईल असे आपण समजत असतो आणि प्रत्यक्षात सुरुवातीचा जादा भार नव्यावर पडतो. पुढे, जुन्या पॅकची क्षमताही घटलेली असल्यामुळे, डिस्चार्जच्या शेवटाकडे त्याचीही दमछाक होते. म्हणून रोध मोजून काढलेल्या वाट्यावरून हिशेब करणे सर्वात विश्वासार्ह आहे. प्रत्येक पॅकची अँपिअर-मर्यादा त्याच्या वाट्याने भागावी आणि येणाऱ्या उत्तरांतील सर्वात लहान उत्तर घ्यावे. इथे नव्या पॅकसाठी १०० भागिले ०.६ म्हणजे १६६ अँपिअर, जुन्यासाठी १०० भागिले ०.४ म्हणजे २५० अँपिअर; संचाची मर्यादा १६६. जुन्या पॅकची छापील १०० अँपिअरची मर्यादा आता खरी राहिलेली नाही हे लक्षात घेऊन मी स्वतः अशी जोडणी टाळतोच.

वेगवेगळ्या रसायनांचे पॅक समांतर जोडायचे नाहीत, यात अपवाद नाही. चार सेलचा लिथियम पॉलिमर पॅक पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट असतो आणि चार सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक १४.६ व्होल्ट; पहिला दुसऱ्याला थेट जादा चार्ज करील. सेलची संख्या बदलून व्होल्टेज जुळवण्याचा प्रयत्नही करू नये, कारण डिस्चार्ज होताना दोघांचे व्होल्टेज वेगवेगळ्या रीतीने उतरते आणि वाटणी सतत उलटसुलट होत राहते.

पाचवी पायरी: जोडण्याआधी व्होल्टेज जुळवणे

लोड लावलेला नसतानाही समांतर पॅक एकमेकांना प्रवाह देऊ शकतात. चार सेलचा एक पॅक १६.८ व्होल्टवर आणि दुसरा १५.२ व्होल्टवर असताना ते जोडले, तर १.६ व्होल्टचा फरक दोन्ही पॅकच्या आणि तारांच्या रोधावर पडतो. २४ अधिक २४ अधिक तारांचे ४, असे ५२ मिलिओहम धरले तर सुमारे ३१ अँपिअर एकातून निघून दुसऱ्यात घुसतात. डिस्चार्जसाठी ३१ अँपिअर काहीच नाहीत, पण इथे तो दुसऱ्या पॅकसाठी चार्जिंगचा प्रवाह आहे, आणि १ सीने म्हणजे ५ अँपिअरने चार्ज करावयाच्या पॅकला तो सहापटीहून अधिक होतो. मी एकदा घाईत, न मोजता असे दोन पॅक जोडले होते. कनेक्टर आत बसताबसता ठिणगी उडाली आणि सोनेरी पिनेच्या टोकाला काळा खड्डा पडला. त्या पिनेचा संपर्क पुढे कधीच नीट झाला नाही, थोड्याशा लोडलाही ती बाजू गरम होऊ लागली आणि शेवटी कनेक्टर कापून टाकावा लागला.

हाच फरक ०.१ व्होल्टवर आणला तर प्रवाह २ अँपिअरच्या आत येतो. म्हणून पॅक जोडण्यापूर्वी प्रत्येकाला स्वतंत्रपणे पूर्ण चार्ज करावे, तासभर ठेवावे आणि मग मल्टिमीटरने फरक ०.१ व्होल्टच्या आत असल्याची खात्री करावी. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बाबतीत केवळ व्होल्टेज पाहून भागत नाही. या सेलचे व्होल्टेज चार्जच्या मोठ्या टप्प्यात ३.२ ते ३.३ च्या दरम्यान जवळपास सपाट राहते, त्यामुळे एक पॅक ७० टक्के आणि दुसरा ४० टक्के भरलेला असूनही मीटरवर फरक नगण्य दिसू शकतो. इथे दोन्ही पॅक पूर्ण भरूनच जोडणे हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे. याच सपाटपणाचा आणखी एक परिणाम असा, की रोधामुळे झालेली असमान वाटणी व्होल्टेजच्या फरकाने लवकर सावरली जात नाही आणि कमी रोधाचा पॅक बराच काळ जास्त भार ओढत राहतो.

सहावी पायरी: अंतर्गत रोध मोजणे

चार्जरमध्ये रोध दाखवण्याची सोय असेल तर ती तुलनेपुरती चालते, पण लोड लावून मोजलेला आकडा अधिक उपयोगी असतो. पॅक साधारण अर्धा भरलेला आणि खोलीच्या तापमानाला असताना उघडे व्होल्टेज नोंदवावे. मग ठरावीक लोड लावून काही सेकंदांनी व्होल्टेज आणि प्रवाह दोन्ही एकाच वेळी नोंदवावेत. उघडे व्होल्टेज १६.० असेल आणि २० अँपिअरवर ते १५.५ झाले, तर ०.५ भागिले २०, म्हणजे २५ मिलिओहम. संचातील सर्व पॅक एकाच तापमानाला, एकाच चार्जपातळीला आणि एकाच लोडवर मोजावेत, नाहीतर आकड्यांची तुलना निरर्थक ठरते. थंडीत रोध लक्षणीय वाढतो, म्हणून उबदार खोलीत काढलेल्या मर्यादेवर गारठ्यात विसंबू नये.

या आकड्यावरून पॅकमध्ये निर्माण होणारी उष्णताही काढता येते. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. २५ मिलिओहमच्या पॅकमधून २० अँपिअर गेले तर १० वॅट, ४० अँपिअर गेले तर ४० वॅट. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे डोक्यात पक्के बसले की समांतर वाटणीतला थोडासा असमतोलही का महत्त्वाचा आहे ते समजते.

सातवी पायरी: बीएमएसची मर्यादा

मोठ्या पॅकमध्ये प्रवाह किंवा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की पॅक तोडणारे संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, असते आणि त्याची प्रवाहमर्यादा सेलच्या मर्यादेपेक्षा बरीच कमी असू शकते. अशा पॅकसाठी हिशेबात सेलचा आकडा न घेता बीएमएसचा आकडा घ्यावा.

समांतर जोडणीत बीएमएस एक वेगळाच प्रश्न उभा करतो. १०० अँपिअरची मर्यादा असलेले चार पॅक समांतर आहेत आणि लोड ३२० अँपिअर घेत आहे असे समजू. वाटणी अगदी समान असली तर प्रत्येकाकडे ८० अँपिअर येतात आणि सारे सुरळीत दिसते. काही कारणाने एका पॅकच्या बीएमएसने प्रवाह तोडला, की उरलेल्या तिघांवर प्रत्येकी सुमारे १०७ अँपिअर येतात, त्यांतला एखादा मर्यादा ओलांडल्यामुळे बंद होतो, मग दोघांवर १६० येतात आणि क्षणार्धात पूर्ण संच बंद पडतो. म्हणून एक पॅक गेला तरी उरलेले भार पेलतील असा हिशेब करावा. चार पॅकच्या या संचासाठी तो ३०० अँपिअर येतो, आणि वाटणीतील असमानता लक्षात घेता २४० वर थांबणे मला योग्य वाटते. तेव्हा प्रत्येकाकडे ६० आणि एक गेल्यावर ८० येतात.

एकसर जोडणीत धोका व्होल्टेजचा आहे. १२.८ व्होल्टचे चार पॅक एकसर जोडले की पूर्ण भरल्यावर संच ५८.४ व्होल्टचा होतो. लोड चालू असताना एका पॅकच्या बीएमएसने प्रवाह तोडला, तर संचाचे जवळपास सगळे व्होल्टेज त्या एका बीएमएसच्या मॉसफेटवर, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर, येते. ते मॉसफेट कमी व्होल्टेजसाठी निवडलेले असतील तर जळतात, आणि जळताना बहुधा आतून जोडलेल्या अवस्थेतच अडकतात. म्हणजे पुढच्या वेळी संरक्षणच उरत नाही. किती पॅक एकसर जोडता येतील हे उत्पादकाने स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते जोडू नयेत.

आठवी पायरी: तारा, बसबार आणि फ्यूज

पॅकच्या रोधाइतकाच तारांचा रोधही वाटणीत भाग घेतो, आणि मोठ्या पॅकमध्ये तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नसतो. बीएमएस धरून प्रत्येकी १० मिलिओहम रोध असलेल्या दोन पॅकपैकी एकाच्या तारांचा रोध १ मिलिओहम आणि लांब असल्यामुळे दुसऱ्याच्या तारांचा ४ मिलिओहम असला, तर १५० अँपिअरपैकी पहिल्याकडे ८४ आणि दुसऱ्याकडे ६६ जातात. पॅक अगदी एकसारखे, तरीही १८ अँपिअरचा फरक! म्हणून प्रत्येक पॅकपासून बसबारपर्यंतच्या (सर्व पॅकच्या तारा जिथे एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीपर्यंतच्या) तारा एकाच जाडीच्या आणि एकाच लांबीच्या कापाव्यात, जवळच्या पॅकची तार गुंडाळून ठेवावी लागली तरी चालेल. बसबारशिवाय पॅकवरून पॅकवर साखळी केली असेल, तर लोडची धन तार पहिल्या पॅकवरून आणि ऋण तार शेवटच्या पॅकवरून घ्यावी, म्हणजे प्रत्येकाच्या वाटेतील तारांची लांबी बरीचशी सारखी होते. दोन्ही तारा एकाच टोकाच्या पॅकवरून घेतल्या तर तो पॅक सतत जास्त राबतो आणि इतरांच्या आधी म्हातारा होतो.

तांब्याच्या १० चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला सुमारे १.७ मिलिओहम असतो. तीतून १०० अँपिअर गेल्यास प्रत्येक मीटरमागे १७ वॅट उष्णता निघते. तार, लग (तारेच्या टोकाला बसवलेली, स्क्रूने आवळायची धातूची कडी) आणि कनेक्टर यांची सततची मर्यादा त्या पॅकच्या तारेतून जाऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त प्रवाहापेक्षा जास्त असावी.

प्रत्येक समांतर पॅकला स्वतःचा फ्यूज हवा, आणि तो पॅकच्या धन टोकाच्या जितका जवळ तितका चांगला. एका पॅकमध्ये आतून शॉर्ट झाला तर उरलेले सर्व पॅक मिळून त्यातच प्रवाह ओततात. लोडच्या तारेवरचा एकमेव मुख्य फ्यूज त्या मार्गात येतच नाही, त्यामुळे तो काहीही वाचवू शकत नाही. फ्यूजवर अँपिअरबरोबर डीसी व्होल्टेज आणि तोडू शकणाऱ्या प्रवाहाची मर्यादाही पाहावी, कारण लिथियम आयर्न फॉस्फेटच्या मोठ्या संचात शॉर्टचा प्रवाह हजारो अँपिअरवर जातो आणि साधा वाहनांतला फ्यूज वितळल्यावरही त्यात ठिणगीचा पूल टिकून राहू शकतो. अशा संचांसाठी २०,००० अँपिअर तोडू शकणारे ‘क्लास टी’ प्रकारचे फ्यूज वापरले जातात.

नववी पायरी: कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात तपासणे

पहिली चाचणी मोकळ्या जागी, ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर आणि लोड झटकन तोडता येईल अशा स्विचसह घ्यावी. ठरवलेल्या मर्यादेच्या पाव भागापासून सुरुवात करून क्लॅम्प मीटर प्रत्येक पॅकच्या तारेवर आळीपाळीने लावावा आणि आकडे लिहून घ्यावेत. मग निम्म्यावर आणि त्यानंतर पूर्ण मर्यादेवर जावे. हीच नोंद पूर्ण भरलेल्या, अर्ध्या आणि पाव उरलेल्या अवस्थेत पुन्हा करावी, कारण वाटणी डिस्चार्जबरोबर सरकते हे आपण पाहिलेच. एका पॅकचा आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी असेल, तर आधी त्याच्या लगचा स्क्रू आणि सोल्डर तपासावे. पॅक खराब असण्यापेक्षा सांधा ढिला असण्याची शक्यता जास्त असते. सांध्याच्या दोन बाजूंना मल्टिमीटरची टोके लावून लोडखालचे व्होल्टेज मोजले तर दोष लगेच उघड होतो. ५० अँपिअरवर एका सांध्यावर ०.१ व्होल्ट पडत असेल तर तिथे ५ वॅट उष्णता तयार होते आहे आणि तो सांधा पुन्हा करायला हवा.

तापमान प्रत्येक पॅकच्या मधोमध मोजावे, कारण कडेचे सेल हवेने थंड राहतात. बहुतेक लिथियम सेलसाठी डिस्चार्जच्या वेळची कमाल मर्यादा ६० अंश सेल्सिअस दिलेली असते. मी ५० अंशांना लोड काढतो, कारण पृष्ठभागावर ५० असताना आत त्याहून जास्त असते आणि लोड काढल्यावरही तापमान काही मिनिटे चढतच राहते. पॅक थोडासाही फुगला, गोडसर वास आला किंवा एखाद्या सेलचे व्होल्टेज बाकीच्यांपेक्षा झपाट्याने उतरू लागले, तर तो पॅक संचातून कायमचा बाहेर काढावा.

रोध वयाबरोबर वाढतो आणि सर्व पॅकमध्ये सारख्याच वेगाने वाढत नाही. म्हणून पहिल्या दिवशीचे रोधाचे, वाट्याचे आणि तापमानाचे आकडे तारखेसह एका कागदावर लिहून संचाच्या खोक्यालाच चिकटवावेत, दर काही महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा मोजावे, आणि एखाद्या पॅकचा रोध सुरुवातीच्या दीडपट झालेला दिसला की वाट्याचे गणित नव्या आकड्यांनी करून संचाची मर्यादा त्याच दिवशी खाली आणावी.